एका जोडीचे दोन क्रँक

आमच्या गल्लीतून पहाटेच पोरांच्या सायकली जायला लागतात. लातूरला शिकवण्यांसाठी आलेली ही बाहेरगावची पोरं. ज्याच्या-त्याच्या बुडाखाली जाड टायरची, गिअरची, डोंगरावर चालवायची सायकल. लातुरात डोंगर कुठे आहे हे मला या वयापर्यंत सापडलेलं नाही, पण सायकल मात्र डोंगराचीच हवी. घेतल्यावर थोडे दिवस ती गुमान चालते. मग एके दिवशी पायडल मारलं की वाजायला लागते. एक पाय खाली गेला, खट्. दुसरा पाय खाली गेला, खट्. मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखते, की याचा क्रँक गेला आणि तो हलक्यातला होता.

क्रँक म्हणजे पायडल आणि सायकलीचा मधला आस यांना जोडणारा लोखंडी हात. उजवीकडे एक, डावीकडे एक. माणसाचा सगळा जोर त्या दोन हातांतून चाकापर्यंत जातो आणि विकत घेताना नेमकं त्यांच्याकडेच कुणी बघत नाही. रंग बघतात, सीट दाबून बघतात. एकदा मी न राहवून दारातल्या एका पोराला म्हटलं, "अरे, सारखा आवळत बसू नकोस, बदलून टाक." तो म्हणाला, "काकू, चांगला क्रँक लई महाग हाय. आवळून चालतंय." आवळून किती दिवस चालतं ते मला विचारायला हवं होतं त्यानं.

पहिल्या दिवशी चांगला आणि हलका क्रँक सारखेच चमकतात. हातात घेतलेत तर चांगला थोडा जड लागेल, एवढंच. फरक पुढे कळतो. हलक्याचं लोखंड मऊ. ज्या भोकात तो आसावर बसतो ते भोक हळूहळू मोठं होतं. आमच्या काळात क्रँक आसाला घट्ट धरायला एक लोखंडी खिळी असायची, तिला कॉटर म्हणत. ती कॉटर चुरगळते, क्रँक सैल होतो, आणि पाय टाकला की आधी क्रँक हलतो, मग सायकल. मधल्या त्या हिसक्याचा आवाज खट्. तो हिसका थेट गुडघ्यात जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या बापाचा गुडघा त्यात गेला.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते मुरुडला एका लहानशा कचेरीत शिपाई होते. उस्मानाबादेतून तोडून लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांची लातूरला बदली झाली आणि आम्ही सगळे एका खोलीत येऊन पडलो. आप्पा, माय, माझी मोठी बहीण आक्का, आणि मी. जिल्हा झाला खरा, पण कचेऱ्यांना इमारती नव्हत्या. एक खातं भाड्याच्या बंगल्यात, दुसरं कुठल्याशा गोदामाच्या माडीवर, तिसरं गावाच्या पार टोकाला. साहेब लोक एकमेकांना दिवसभर कागद पाठवायचे आणि ते पोचवायचं काम आप्पांचं. नवा जिल्हा कागदावर होता आणि तो कागद आप्पांच्या सायकलीवर होता. आप्पांना त्याचा अभिमान वाटायचा. मला तेव्हाही नुसता कंटाळा यायचा.

पाऊस मात्र जिल्ह्याबरोबर आला नाही. नळाला पाणी येईना. मुरुड रस्त्याला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटर होती आणि ती चालू असेपर्यंत तो भरू द्यायचा. आमच्या लोकांनी पाइपाखाली डबा धरायचा, विहिरीच्या कठड्याजवळ जायचं नाही. आप्पा म्हणायचे, पाइपाचं पाणी स्वच्छ असतं. माय म्हणायची, हाव, आन् मालकाची नजर बी. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर आप्पा सायकलीच्या दोन्ही बाजूंना तेलाचे पत्र्याचे डबे बांधून पाणी आणायचे. डबे कितीही घासले तरी आमच्या चहाला करडईच्या तेलाचा वास यायचा.

आप्पांची सायकल जुनी होती, पण तिचा मूळचा क्रँक दणकट होता. तो मुरुडपासून टिकला. दुष्काळात दिवसा टपाल आणि सकाळ-संध्याकाळ पाणी, एवढं ओढून तोही गेला. लातुरात सुटा मिळायचा तो लोकल माल. कंपनीचा हवा असेल तर नवी सायकलच घ्या, असं दुकानदार हसत सांगायचा. आप्पांनी लोकल बसवला. तो सैल झाला. दुसरा बसवला, तोही झाला. मग त्यांनी पावडरच्या डब्याचा पत्रा कापून, त्याची पट्टी कॉटरखाली घालून, वरून दगडाने ठोकायची युक्ती काढली. पट्टी नवी असेपर्यंत सायकल गप्प. मग पुन्हा खट्. आप्पा गल्लीत शिरले की माय चुलीवर आधण ठेवायची, इतका तो आवाज ओळखीचा झाला होता. डाव्या बाजूला ढिलेपणा जास्त होता आणि त्यांचा डावाच गुडघा सुजायला लागला. पाणी ओतून झालं की ते उंबऱ्यावर बसून गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहायचे. मी टायपिंगच्या क्लासला जायचे. नव्या जिल्ह्यात टायपिंग येणाऱ्याला नोकरी मिळते असं सगळं लातूर म्हणत होतं आणि सगळं लातूर टायपिंग शिकत होतं. घरी आले की कानात मशिनीचा खटखटाट आणि दारात आप्पांची सायकल. मला कधी कधी वाटायचं, आमच्या घरात कुणी सरळ शांत बसूच शकत नाही.

त्याच वर्षी आक्काचं नर्सचं शिक्षण संपलं आणि लग्न ठरलं. स्थळ नांदेड जिल्ह्यातलं, भोकरकडचं. मुलगा शाळेत मास्तर. त्या लोकांनी हुंडा मागितला नाही, आपल्यात घेत नाहीत म्हणाले. मुलीला त्याच तालुक्यात नर्सची नोकरी मिळत होती, गावोगाव फिरायची. तेव्हा द्यायचंच असलं तर तिलाच एक सायकल आंदण द्या, असं मुलाच्या वडिलांनी सुचवलं. मायला ही माणसं फारच चांगली वाटली. मलाही वाटली. खोटं कशाला बोलू.

आप्पांनी आक्काला कंपनीची लेडीज सायकल घेतली. कशी घेतली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती खोलीत आणून उभी केली तेव्हा आम्हाला झोपायला जागा उरली नाही. तिच्या नळ्यांवर दुकानातला खाकी कागद तसाच होता, आणि तो लग्नापर्यंत काढायचा नाही असा आप्पांचा हुकूम. ते रोज पायडल हाताने उलटं फिरवून कान लावायचे. आवाज नाही. "ह्येला म्हंत्यात क्रँक," असं म्हणायचे आणि बाहेर जाऊन आपल्या सायकलीला पट्टी ठोकायचे.

आक्का ते बघत होती. एके दिवशी ती म्हणाली, "आप्पा, माझ्या सायकलीचा क्रँक तुमच्या सायकलीला बसतोय का?"

"बसतोय की. सगळे एकाच मापाचे."

"मग बदला ना."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चोरीच करायला निघाली आहे. "आंदणाची सायकल हाय ती," ते म्हणाले.

"मंग माझीच हाय की. तुमाला देऊन राहिले मी. तिकडं काय, दवाखान्याच्या ओट्यावर हुबी राहणार ती. लई पाणी हाय तिकडं आप्पा. नदी हाय, जंगल हाय. सगळे म्हंत्यात."

खरंच सगळे म्हणायचे. गोदावरीच्या पलीकडे पाण्याला तोटा नाही, भोकरकडे आडातून हाताने पाणी घेतात, हे आमच्याकडे कुणीही तिकडे न जाता सांगायचं. तहानलेल्या माणसाला कुठेतरी पाणी आहे असं मानावंच लागतं. पण आप्पा ऐकेनात. या विषयावर बोलायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

मग एके सकाळी मुरुड रस्त्याच्या चढावर त्यांची डावी कॉटर तुटली. पाय खाली घसरला आणि आप्पा भरल्या डब्यांसकट आडवे झाले. दोन माणसांनी त्यांना घरी आणलं. गुडघा भोपळ्यासारखा. त्यांना त्याचं काही नव्हतं, पाणी सांडलं त्याचं वाईट वाटत होतं. मायने तेल लावलं आणि ते गुंगीत पडले. आक्का उठली, कागदात गुंडाळलेली आपली नवी सायकल एका हाताने धरली, आप्पांची मोडकी दुसऱ्या हाताने, आणि मला म्हणाली, "चल, मागून धर." स्टँडाजवळच्या दुकानात तिने उभ्या उभ्या अदलाबदल करून घेतली. मेस्त्री दोनदा म्हणाला, ताई, येडेपणा करून राहिल्या तुमी. आक्का म्हणाली, "तुमचं काम करा."

तिच्या सायकलीला दुकानातला नवा लोकल क्रँक बसला. तोही चमकत होता. लग्नात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आप्पा आक्काशी बोलले नाहीत. रागावले होते, आणि रागापेक्षा जास्त लाजले होते, हे मला आता कळतं. पण गुडघा उतरल्यावर त्यांना कचेरीला जावंच लागलं आणि जायला तीच सायकल होती. संध्याकाळी ते परत आले ते आम्हाला कळलंच नाही. दारात एकदम माणूस उभा. आवाजच नाही. मायचं आधण राहून गेलं. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले आणि आप्पांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

विहारापुढच्या पटांगणात पांढऱ्या साडीत आक्काचं लग्न लागलं. सायकल एसटीच्या टपावर बांधून ती नांदेडच्या दिशेने निघून गेली. पुढे सणावाराला माणसं यायची-जायची. आक्का कशी आहे म्हटलं की सांगायची, मजेत आहे. पाणी आहे ना, आप्पा प्रत्येकाला विचारायचे. लई पाणी हाय म्हणून आक्काने सांगायला सांगितलंय, असं प्रत्येक जण सांगायचा.

आक्काला दिवस गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला माहेरी आणायची वेळ झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आप्पा आणि मी तिला आणायला गेलो. नांदेडपर्यंत एक एसटी, भोकरपर्यंत दुसरी, तिथून पुढे पायी. वाटेत ओढा लागला. त्यात पाणी नव्हतं, पाण्याची खूण पण नव्हती. पोरं त्यात विटीदांडू खेळत होती. आप्पा ओढ्यात थांबले आणि पायाने वाळू उकरून बघितली. खालीही कोरडीच.

आक्काचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि ओटा. दाजी शाळेत गेले होते. शेजारच्या बाईने आम्हाला तांब्यातून पाणी दिलं, ते सुद्धा बोटभरच. नर्सबाई फिरतीवर गेल्यात, येतीलच, म्हणाली. आम्ही ओट्यावर बसलो. उन्हाने डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात आप्पा ताठ झाले. मला आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. लांब, बाभळींच्या पलीकडून. खट्. खट्.

"आपला क्रँक हाय," आप्पा म्हणाले.

आक्का आली. सातवा महिना. हँडलला औषधांची पेटी, मागे कॅरेजला पाण्याचा डबा. पांढरी साडी धुळीने मातकट झालेली. आम्हाला बघून ती हसली, सायकल भिंतीला लावली आणि पदराने तोंड पुसलं. आप्पा तिच्याकडे न बघता थेट सायकलीपाशी गेले. वाकले. डाव्या क्रँकला हात लावून हलवला. कॉटरखाली पत्र्याची पट्टी होती, पावडरच्या डब्याची, त्यावर अर्धवट गुलाबाचं फूल छापलेलं. बाजूला ओट्याखाली ठोकायचा दगड ठेवला होता. सगळं आप्पांसारखं.

"लई पाणी हाय म्हणालीस," आप्पा म्हणाले.

"व्हतं की. आले तवा व्हतं." आक्का म्हणाली. "आता चहा करते. बसा."

"तू बस," आप्पा म्हणाले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते फार वेळ रडले नाहीत, पण उभ्या उभ्या, सायकलीचं हँडल धरून रडले. आक्का म्हणत राहिली, अहो, पोट काही दुखत नाही, मला सवय हाय, मला काही होत नाही. मला दोघांचाही संताप आला. एकमेकांच्या पायाखाली चांगलं लोखंड सरकवायला निघालेली दोन माणसं, आणि दोघांच्याही नशिबी ओढाच कोरडा. मी मोठ्याने म्हणाले, "आता रडणं पुरे, त्या डब्यातलं पाणी सांडायलंय." ते खरंच सांडत होतं.

आक्का लातूरला आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. ती परत निघाली तेव्हा पोचवायला पुन्हा आप्पा आणि मी. आप्पांच्या हातात कापडी पिशवी होती, तिला तेलाचे डाग. आक्काने एसटीतच ओळखलं, पण भोकरला दाजी सायकल घेऊन आले होते तिथपर्यंत ती गप्प राहिली. तिथल्या एका मेस्त्रीच्या दुकानापुढे आप्पांनी पिशवी उपडी केली. कंपनीचे दोन्ही क्रँक, आप्पांनी घासून लख्ख केलेले.

"हे बसवायचे न्हाईत," आक्का म्हणाली.

"बसवायचे."

"मंग तुमी कशावर जाताल?"

"माझी सायकल उभी हाय. चालत जातो. पाय हायेत मला."

"ते पाय बघितलेत मी."

दाजी मधे पडायला गेले, त्यांना दोघांनीही गप्प केलं. लेकरू माझ्या खांद्यावर रडत होतं. ऊन चढलं होतं. असं भांडण मी पुन्हा पाहिलं नाही, प्रत्येकाला हलकं तेवढं स्वतःला हवं होतं. शेवटी आक्का खाली बसली, दातेरी चक्राचा उजवा क्रँक उचलून मेस्त्रीच्या हातात दिला, आणि डावा परत पिशवीत घातला.

"तुमचा डावा गुडघा दुखतो," ती म्हणाली. "डावा तुमचा. उजवा माझा."

मेस्त्री म्हणाला, "जोडी कुनी फोडतंय का मामा? एक मजबूत अन् एक हलका, अर्धी वाजतच राहील की सायकल."

"वाजू द्या," आप्पा म्हणाले.

तेव्हापासून आप्पांची सायकल एकाच पायाला वाजायची. उजवा पाय खाली गेला की खट्, डाव्याला काही नाही. तिकडे आक्काची डाव्या पायाला वाजायची. उजवीकडचा हलका क्रँक आप्पांनी पुढे कितीदा तरी बदलला, डावा मात्र कधीच बदलावा लागला नाही. दुष्काळ संपला. कचेऱ्यांना इमारती झाल्या. मला टायपिस्टची नोकरी लागली आणि तीही संपत आली. आप्पा रिटायर झाले तरी त्याच सायकलीवर दूध आणायला जायचे. मी म्हणायचे, आता तरी नवी घ्या. ते म्हणायचे, अर्धी चांगली हाय की.

शेवटच्या आजारात आप्पा खाटेवरून उठेनासे झाले. डोळ्यांना दिसत नव्हतं, कान मात्र तिखट होते. सायकल अंगणात भिंतीला लावलेली असायची. आक्का भोकरहून आली, केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. आत आली, आप्पांच्या पायाला हात लावला आणि पुन्हा बाहेर गेली. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला बोलावून तिने आप्पांच्या सायकलीचा उजवा क्रँक उतरवला आणि आपला बसवला. इतक्या वर्षांनी ती जोडी एकत्र आली. मग तिने सायकल खाटेजवळ, दारातच आणून स्टँडवर लावली आणि हाताने पायडल फिरवलं. चाक फिरलं. खाली उजवं, खाली डावं. आवाज नाही.

आप्पा ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मंग आता तुझी दोन्ही बाजूनं वाजत असंल."

"न्हाई आप्पा," आक्का म्हणाली. "तिकडं लई पाणी हाय."